लिफ्टर: दोन ग्रॅमचा त्रिकोण, पंचवीस हजार व्होल्ट आणि चाचणीची शिस्त

बाल्सा लाकडाच्या काड्यांचा एक त्रिकोण घ्या. त्याला खाली स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची झालर लावा आणि झालरीच्या वर तीन सेंटिमीटरवर केसासारखी बारीक तांब्याची तार ताणा. तार आणि फॉइल यांच्यात वीस-पंचवीस हजार व्होल्ट लावले की हा सांगाडा मोटर नसताना, पंखा नसताना टेबलावरून उठतो. हौशी मंडळी त्याला लिफ्टर म्हणतात.

तो बनवणं एका दुपारचं काम आहे. त्याच्या भोवतीची व्यवस्था, म्हणजे मर्यादित प्रवाहाचा पुरवठा, व्होल्टेज मोजायची सोय, साठलेला विद्युतभार उतरवायची काठी आणि दाबून धरावं लागणारं बटण, हे मात्र चार-पाच रविवारांचं काम. बहुतेक व्हिडिओंमध्ये हे प्रमाण उलटं दिसतं. तिथे त्रिकोण कसा चिकटवायचा यावर दहा मिनिटं जातात आणि सुरक्षिततेला शेवटचं एक वाक्य मिळतं. म्हणून इथे आधी पुरवठा, मग तपासणी आणि मधल्या वेळात त्रिकोण, असा क्रम ठेवला आहे.

हे उडतं कशामुळे

गुरुत्वाकर्षणाला फसवणारं असं यात काही नाही. बारीक तारेच्या पृष्ठभागाशी विद्युतक्षेत्र इतकं तीव्र होतं की तिथल्या हवेचे रेणू आयनित होतात. अंधारात तारेभोवती फिकट जांभळी कड दिसते, तो कोरोना. धन आयन खालच्या फॉइलकडे खेचले जातात, वाटेत साध्या हवेच्या रेणूंना धडका देत जातात, आणि हवेचा झोत खाली वाहू लागतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून सांगाडा वर जातो. टोकदार विद्युतभारित वस्तूपासून वारा सुटतो हे अठराव्या शतकापासून माहीत आहे. अमेरिकी संशोधक थॉमस टाउनसेंड ब्राउन यांनी १९२८ मध्ये याच्याशी संबंधित ब्रिटिश पेटंट घेतलं आणि त्यात गुरुत्वाकर्षणाचा धागा गुंफला. ‘अँटिग्रॅव्हिटी’ची अफवा तेव्हापासून मागे लागली आहे. विमान-अभियंते अलेक्झांडर द सेव्हर्स्की यांच्या ‘आयोनोक्राफ्ट’च्या १९६४ च्या अमेरिकन पेटंटमध्ये हवेच्या झोताचीच भाषा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या स्टीव्हन बॅरेट यांच्या गटाने याच तत्त्वावरचं, पाच मीटर पंखांचं, अडीच किलोच्या आसपास वजनाचं विमान एका व्यायामशाळेत सुमारे साठ मीटर उडवून दाखवलं. त्याला पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेत हलणारा एकही भाग नव्हता, आणि विद्युतदाब होता ४० हजार व्होल्ट.

अफवेची शहानिशा घरीही होते. तारेला धन जोडा किंवा ऋण, लिफ्टर दोन्ही वेळा तारेच्याच दिशेने उठतो, कारण हवेचा झोत दोन्ही वेळा तारेकडून फॉइलकडेच वाहतो.

एक सूत्र मात्र लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. जोर म्हणजे प्रवाह गुणिले अंतर, भागिले आयनांची चलनक्षमता, म्हणजे विद्युतक्षेत्रात आयन किती सहज पळतात त्याचं माप. हवेत ही चलनक्षमता साधारण ०.०००२ चौरस मीटर प्रति व्होल्ट-सेकंद असते. तीन सेंटिमीटर अंतराला ०.१ मिलिअँपिअर प्रवाह मिळाला तर कागदावर दीड ग्रॅमचा जोर येतो. प्रत्यक्षात बराचसा वाया जातो, तेव्हा ०.३ मिलिअँपिअर धरून चला. पंचवीस हजार व्होल्टला ते साडेसात वॉट झाले. गरज एवढीच आहे.

मग पुरवठ्याची निवड सोपी होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला व्हॅन डी ग्राफ जनरेटर काही मायक्रोअँपिअरच देतो, त्यावर लिफ्टर उठणार नाही. हवा शुद्ध करणाऱ्या आयनायझरच्या डबीचं व्होल्टेज अपुरं पडतं. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरला तर हातही लावू नका: तो दोन हजार व्होल्टच्या आसपास देतो, म्हणजे लिफ्टरला निरुपयोगी, आणि प्रवाह इतका देतो की पहिली चूक शेवटची ठरते. निऑन पाट्यांचे जुने ट्रान्सफॉर्मरही नकोत. ‘४०० किलोव्होल्ट’ छापलेली स्वस्त मॉड्यूल ऑनलाइन मिळतात, त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तेवढ्याशा डबीत हवेला ४०० किलोव्होल्ट अडवताच येणार नाहीत.

पुरवठा: टीव्हीचा ई.एच.टी.

जुन्या रंगीत टीव्हीचा ई.एच.टी. ट्रान्सफॉर्मर, म्हणजे पिक्चर ट्यूबला उच्चदाब पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, या कामाला बेतलेला आहे. डायोड आतच बसवलेला असतो, त्यामुळे बाहेर धन डी.सी. मिळतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, सुटा ई.एच.टी. अजून सापडतो. तो सुटाच घ्या. घरातला जुना टीव्ही उघडून काढायला जाऊ नका. पिक्चर ट्यूब स्वतःच एक धारित्र (कपॅसिटर) असते आणि टीव्ही बंद करून कितीतरी वेळ झाला तरी तिच्यात भार राहतो.

चालक मंडल, म्हणजे ट्रान्सफॉर्मर चालवणारं सर्किट, साधं ठेवा. ई.एच.टी.च्या फेराइट गाभ्याची जी बाजू उघडी असते तिच्यावर इनॅमलच्या जाड तारेचे १० वेढे प्रायमरीचे आणि ४ वेढे फीडबॅकचे घाला. मोठ्या हीटसिंकवर बसवलेला २एन३०५५ ट्रान्झिस्टर घ्या. प्रायमरीचं एक टोक १२ व्होल्टला, दुसरं कलेक्टरला. एमिटर बॅटरीच्या ऋणाला. फीडबॅकचं एक टोक बेसला आणि दुसरं दोन रोधकांच्या (रेझिस्टरच्या) सांध्याला: २२० ओहमचा धनाकडे, २७ ओहमचा ऋणाकडे, दोन्ही पाच वॉटचे. मंडल गुणगुणलं नाही तर फीडबॅकची टोकं उलटी करा. गुणगुणतं पण उच्चदाब कमकुवत वाटतो, असं असेल तर प्रायमरी आणि फीडबॅक दोन्हींची टोकं एकदम उलटून पाहा. यापेक्षा ताकदवान चालक मंडलं आहेत, ठिणग्याही लांब देतात, पण ती दहाहून कितीतरी जास्त मिलिअँपिअरपर्यंत पोचतात आणि लिफ्टरला त्याची गरज नाही.

वीज घ्यायची ती यूपीएसच्या १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून, आणि धन टोकावर ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. घरातला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो म्हणून निर्धास्त राहू नका. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला काय चाललंय हे त्याला कळतच नाही. इथे तुम्हाला वाचवणारं उपकरण घरात कुठलंही नाही, ते तुम्हालाच बनवायचं आहे.

त्यातला पहिला भाग म्हणजे मालिकेतला रोधक. ई.एच.टी.ची जाड लाल तार थेट लिफ्टरला जोडू नका. मध्ये ४७० किलोओहमचे, दोन वॉटचे २० रोधक ओळीने जोडून पीव्हीसी पाइपात घाला. एकूण ९.४ मेगाओहम झाले. ०.३ मिलिअँपिअरला त्यात जेमतेम तीन हजार व्होल्ट खर्च होतात, पण ठिणगी पडली किंवा कुणाचा हात लागला तर प्रवाह तीन मिलिअँपिअरच्या आत अडतो. झटका बसेल, दुखेल, माणूस दचकून मागे पडेल, तरी स्नायू तारेला चिकटून राहण्याइतका तो प्रवाह नाही. म्हणून हात लावून पाहायला मोकळीक मिळाली असं समजू नका. हृदयाचा त्रास असलेल्याला किंवा शिडीवर उभ्या असलेल्याला एवढंही पुरे होतं.

व्होल्टेज ‘गुळगुळीत’ करायला धारित्र बसवू नका. तसा सल्ला अनेक ठिकाणी दिसतो आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वात वाईट सल्ला तोच आहे. १० नॅनोफॅरडचं एक धारित्र ३० किलोव्होल्टला साडेचार ज्यूल साठवतं आणि रोधकाच्या पलीकडे बसवलं असेल तर एका क्षणात तुमच्या अंगात ओततं. लिफ्टरला गुळगुळीत डी.सी. लागतही नाही.

मोजायची आणि उतरवायची सोय

साधा मल्टिमीटर उच्चदाबाला लावला तर तो जळेलच, धरणाऱ्यालाही झटका देईल. त्याऐवजी पाव वॉटचे, १० मेगाओहमचे १०० रोधक ओळीने डाग द्या. एका रोधकाला एक सेंटिमीटर धरला तर मीटरभर लांबीची माळ होते. ती कंड्युइट पाइपात सरळ ठेवा. ही झाली एक गिगाओहमची माळ. वरचं टोक लिफ्टरच्या तारेकडे जाणाऱ्या जोडणीला, म्हणजे ९.४ मेगाओहमच्या पुढे, आणि खालचं टोक ५० मायक्रोअँपिअरच्या काट्याच्या मीटरमधून अर्थला (अर्थिंगला). काटा जितके मायक्रोअँपिअर दाखवेल तितके किलोव्होल्ट. काटा २५ वर म्हणजे २५ हजार व्होल्ट, आणि तेव्हा प्रत्येक रोधकावर फक्त २५० व्होल्ट असतात, पाव वॉटवाल्याला ते झेपतात. मीटरला समांतर १०० किलोओहमचा रोधक लावायला विसरू नका. मीटरची गुंडाळी तुटली तर तेवढा एकच रस्ता अर्थकडे उरतो, नाहीतर मीटरच्या टोकांवर उच्चदाब येऊन बसेल.

हीच माळ पुरवठा बंद झाल्यावर उरलेला भार हळूहळू उतरवते. तरी तिच्यावर विसंबायचं नाही, एखादा डाग सुटला तर ती निकामी. म्हणून डिस्चार्ज रॉड: मीटरभर लांब कोरडा पीव्हीसी पाइप, टोकाला जाड तांब्याच्या तारेचा आकडा, आकड्यापासून अर्थपर्यंत लवचीक तार. ती तार पाइपाला हाताच्या बाजूला गुंडाळू नका, आकड्यापाशीच खाली लोंबू द्या. आधी अर्थचा क्लिप, मग आकडा, हा क्रम कधीही उलटा होऊ नये. स्पर्श करून काढून घेऊ नका. लिफ्टरजवळ हात असेपर्यंत आकडा उच्चदाबाच्या तारेवर लटकलेलाच राहिला पाहिजे, कारण इन्सुलेशनमध्ये मुरलेला भार पुन्हा वर येतो.

अर्थ म्हणजे खरा अर्थ, न्यूट्रल नव्हे. तिन्ही गोष्टी, म्हणजे ई.एच.टी.चं परतीचं टोक, बॅटरीचं ऋण टोक आणि फॉइलकडून येणारी तार, एकाच बिंदूवर आणून तिथून अर्थला न्या. परतीचं टोक कोणतं हे ई.एच.टी.च्या पायांवर लिहिलेलं नसतं. लाल तार लांब पीव्हीसी काठीला बांधून एकेका पायाजवळ नेली की ज्या पायाकडे जोरदार ठिणगी जाते तो परतीचा.

फॉइल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन किलोओहमचे दोन रोधक समांतर लावा आणि त्यांच्यावर स्वस्तातला मल्टिमीटर २ व्होल्टच्या रेंजवर बसवा. ०.३ व्होल्ट म्हणजे ०.३ मिलिअँपिअर. दोन रोधक अशासाठी की एक उघडा पडला तरी फॉइल अर्थपासून सुटू नये. चालू असताना हा मल्टिमीटर हाताळायचा नाही, लांबून वाचायचा.

राहिलं बटण. बॅटरीची धन तार गाडीच्या हॉर्नच्या रिलेतून घ्या आणि रिलेला दोन मीटर तारेवर दारावरच्या घंटीचं बटण लावा. बोट उचललं की सगळं बंद. साधा ऑन-ऑफ स्विच इथे चालणार नाही.

त्रिकोण

बाल्साच्या २ मिलिमीटर चौरस काड्या एरोमॉडेलिंगच्या दुकानात मिळतात. पतंगाच्या किंवा आकाशकंदिलाच्या कामट्या वापरायचा मोह होईल, पण बांबू बाल्साच्या चौपट-पाचपट जड. २० सेंटिमीटरच्या तीन आडव्या काड्या, ११ सेंटिमीटरचे तीन उभे खांब. सगळं लाकूड मिळून अर्ध्या ग्रॅमहून थोडंसं जास्त. सांध्यांना फेविक्विकचा एक थेंब पुरतो. खांब आडव्या काड्यांच्या वर किमान चार सेंटिमीटर निघाले पाहिजेत.

फॉइलच्या पाच सेंटिमीटर रुंद पट्ट्या धारदार ब्लेडने आणि पट्टीने कापा, कात्रीने नको. कात्रीने कापलेल्या कडेला सूक्ष्म दाते राहतात आणि प्रत्येक दाता ठिणगीला आमंत्रण देतो. पट्टीचा वरचा एक सेंटिमीटर आडव्या काडीवरून गुंडाळून आत चिकटवा. तारेच्या समोर येणारी कड गोलसर आणि गुळगुळीत हवी, या अख्ख्या बांधणीत सर्वात जास्त वेळ द्यायचा तो या कडेला. सुरकुती पडली तर चमच्याच्या पाठीने हलकेच दाबून सपाट करा. तिन्ही पट्ट्या कोपऱ्यावर एकमेकींवर अर्धा सेंटिमीटर चढवून दाबा म्हणजे विजेचा संपर्क राहील, आणि त्या जागी गोंद जाऊ देऊ नका.

वरच्या तारेसाठी वेगळं काही विकत घ्यायला नको. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १४/३८ नावाची मल्टिस्ट्रँड वायर मिळते, तिच्यातला एक केस म्हणजे ०.१५ मिलिमीटरची उघडी तार. अशा तारेभोवती सहा-सात हजार व्होल्टलाच कोरोना सुरू होतो. अर्ध्या मिलिमीटरच्या जाड तारेला बारा हजारांच्या आसपास जावं लागेल, म्हणजे ठिणगीच्या मर्यादेपर्यंतची निम्मी वाट फुकट गेली. तार ताणताना पीळ किंवा गाठ राहू देऊ नका. फॉइलच्या वरच्या कडेपासून तारेचं अंतर सगळीकडे ३० मिलिमीटर हवं. त्यासाठी कार्डाचा ३० मिलिमीटरचा तुकडा कापून तिन्ही बाजूंवरून फिरवा. एका बाजूला २७ आणि दुसऱ्या बाजूला ३२ झालं तर ठिणगी नेमकी २७ ची जागा शोधून काढेल आणि बाकीच्या तारेचं काम थांबेल.

जोडणीच्या तारा त्याच बारीक केसाच्या: एक वरच्या तारेला, एक फॉइलला, दोन्ही ढिल्या आणि एकमेकींपासून किमान १५ सेंटिमीटर लांब. घरातल्या वायरिंगच्या तारेवर ‘११०० व्होल्ट’ लिहिलेलं असतं. इथे तिचं इन्सुलेशन असून नसल्यासारखं, तेव्हा सगळ्या तारा उघड्या आहेत असं धरूनच मांडणी करा. पूर्ण सांगाडा सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या डिजिटल काट्यावर तोला. दोन ग्रॅमच्या आत बसला पाहिजे. तोलून झालं की काटा दुसऱ्या खोलीत ठेवा.

चाचणी, पायरीपायरीने

जागा कोरडी आणि खिडक्या उघड्या असलेली हवी, कारण कोरोनातून ओझोन तयार होतो. तिखट वास आला की थांबायचं आणि खोली हवेशीर होऊ द्यायची. तारेला धन जोडण्याचं हेही एक कारण: ऋण कोरोना जास्त ओझोन करतो. सॅनिटायझर, स्पिरिट, गॅसची शेगडी त्या खोलीत नको. मोबाइल आणि लॅपटॉप लांब. पेसमेकर किंवा श्रवणयंत्र लावणारी व्यक्ती, लहान मुलं आणि मांजर खोलीबाहेर. खडूने मीटरभर अंतराची रेघ आखा आणि चालू असताना ती कुणीही ओलांडायची नाही. एकट्याने हे करायचं नाही. बटण ज्याच्या हातात त्याचं लक्ष दुसऱ्या माणसावर, उडणाऱ्या त्रिकोणावर नव्हे. अपघात झालाच तर आधी बटण सोडून बॅटरीची तार काढायची, रॉड टेकवायचा, मग माणसाला हात लावायचा आणि १०८ ला फोन करायचा.

पहिल्या दिवशी लिफ्टर जोडूच नका. नुसता पुरवठा, माळ आणि मीटर. बटण दोन सेकंद दाबा, काटा चढतो का पाहा, सोडल्यावर शून्यावर येतो का पाहा, रॉड टेकवा. हा क्रम हाताला सवयीचा होईपर्यंत पुढे जाऊ नका. बॅटरी जोडलेली असताना एक हात पाठीमागे ठेवायची जुन्या टीव्ही मेकॅनिकांची सवय इथे उचला.

मग लिफ्टर ॲक्रिलिकच्या तुकड्यावर तिन्ही बाजूंनी बांधून ठेवा आणि खोलीत अंधार करा. तारेवर सगळीकडे सारखी, मंद कड दिसली पाहिजे. एखाद्या जागी ठळक ठिपका असेल तर तिथे तारेला पीळ आहे. फॉइलच्या कडेवर ठिपका दिसला तर ते जास्त वाईट, कारण तिथून उलट्या दिशेचे आयन निघून जोर खातात. सलग फुसफुस चालेल. ‘चट्’ असा आवाज आला की बोट उचला, रॉड लावा, अंतर तपासा. उदबत्ती लांब पीव्हीसी काठीला बांधून तारेच्या वरच्या बाजूला, हातभर लांब धरली की धूर खाली ओढला जाताना स्पष्ट दिसतो.

जोर मोजायला काट्यावर लिफ्टर ठेवू नका, इलेक्ट्रॉनिक काटा एका ठिणगीत जातो. लांब पीव्हीसी काडीचा तराजू करा, एका टोकाला तंगुसाने (नायलॉनच्या दोऱ्याने) लिफ्टर आणि दुसऱ्या टोकाला समतोलासाठी वजन. छपाईचा ७५ जीएसएम कागद म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला साडेसात मिलिग्रॅम. आधी तराजू समतोल करा, मग लिफ्टरच्या बाजूला कागदाचे तुकडे चढवत जा. चालू असताना किती कागद पेलला जातो त्यावरून प्रत्येक व्होल्टेजला किती जोर मिळतो याची वही तयार होते. प्रवाहाचा आकडाही शेजारी लिहा. सूत्रातून येणाऱ्या जोराशी ताडून पाहिलं की किती वाया जातंय ते कळतं. प्रवाह भरपूर आणि जोर कमी असेल तर वीज लाकडावरून किंवा दोऱ्यावरून गळते आहे.

ही गळती कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हमखास होते. बाल्सा ओलावा धरतो, खांबांवरून प्रवाह सरकतो आणि मीटरचा काटा १५ च्या पुढे चढत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत देशावर किंवा विदर्भात हाच सांगाडा पहिल्या फटक्यात उठतो. ओलसर दिवशी सांगाडा सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर ठेवून पाहा, अन्यथा हिवाळ्याची वाट बघा.

जोर वजनापेक्षा जास्त भरला की मगच मोकळं उड्डाण. मोकळं म्हणजे तिन्ही कोपऱ्यांना तंगूस बांधून, दहा सेंटिमीटरची ढील देऊन. सुती दोरा नको, तो दमट होतो आणि वीज वाहू लागतो. बटण दाबल्यावर एक कोपरा आधी उचलला गेला तर त्या बाजूचं अंतर कमी आहे किंवा समोरच्या कोपऱ्यावर गोंदाचा थेंब जड झाला आहे. तिन्ही दोरे ताणले जाऊन त्रिकोण स्थिर उभा राहिला की पाच-दहा सेकंद पुरे. २एन३०५५ तापतो आणि खोलीत ओझोन साठतो.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा लिफ्टर टेबलावर मांडायचा असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे. गर्दीत रेघ पाळली जात नाही. तिथे व्हॅन डी ग्राफवर फिरणारी टोकदार तारेची भिंगरी ठेवा, तत्त्व तेच आहे. लिफ्टरचं चित्रीकरण शेजारी दाखवा आणि तो त्रिकोण बिनजोडणीचा हातात द्या.

पुढे मोठा करायचा असेल तर व्होल्टेज वाढवू नका, तारेची लांबी वाढवा. त्रिकोणाला त्रिकोण जोडत षटकोन करता येतो. प्रत्येक नव्या बाजूबरोबर प्रवाह वाढतो, तेव्हा ९.४ मेगाओहममधला दाबघसाराही वाढेल आणि काटा खाली येईल. रोधक कमी करून तो वर आणायचा मोह होतो. त्याऐवजी सांगाडाच हलका करा: बाल्साच्या काड्या दीड मिलिमीटरच्या घ्या आणि फॉइलची झालर चार सेंटिमीटरवर आणा.